सरुबाईची ट्रंक आणि तिची एकुलती एक वाकळ

भालकीकडच्या मेहकरात कुणाला वाकळ शिवायची असली की बाया सरुबाईकडं यायच्या. का? तर तिच्याकडं नमुने होते. विहिरीच्या पायऱ्या, जोंधळ्याचं कणीस, चिमणीची पावलं, भालकीच्या बाजारात कुणाच्या गाडीवर पाहिलेली नागमोड, उदगीरच्या एसटीत शेजारणीच्या मांडीवर दिसलेला चौफुला. सगळे तळहाताएवढ्या कापडावर टिपून, मध्ये कडुलिंबाचा पाला घालून, ट्रंकेत निजवलेले. आलेल्या बाईला ती नमुना दाखवायची, टाका कसा धरायचा सांगायची, वर चार चुकाही काढायची. बाई घरी जाऊन वाकळ शिवून मोकळी व्हायची. सरुबाईनं मात्र जन्मात एकही वाकळ शिवली नव्हती. हे तीच सगळ्यांना सांगायची, "मी म्हंजे नुसती वाट दाखवणारी. सोता कुठंच जायची न्हाई!"

हा नाद लागला लहानपणी. तिच्या घरात सहा माणसांत एकच वाकळ, तीही थंडी आणि तारे दोन्ही आत येतील अशी. धुण्याच्या दिवशी गावातल्या घरांच्या कुंपणांवर वाकळा वाळत पडायच्या. कुंपणाच्या आत पाऊल टाकायची सोय त्या काळी नव्हती. मग पोर बाहेर उभी राहून बघायची आणि घरी येऊन अंगणातल्या मातीत बोटानं तशाच रेघा काढायची. पुढं घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला, लग्न झालं, नवरा माणिकराव दोन एकर रान धरून राहिला, ट्रंक आली. ज्यांच्या कुंपणाबाहेर ती उभी राहायची, त्यांतली पार्वतम्मा आता तिच्या चुलीपाशी बसून चहा प्यायची. दिवस बदलले, पण नाद काही सुटला नाही.

एक्याऐंशी साली लेक यशोधरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि सरुबाईवर स्वतः वाकळ शिवायची वेळ आली. रीत अशी, की नातवंडाची पहिली वाकळ आजीनं, म्हणजे आईच्या आईनं, स्वतःच्या नेसून मऊ झालेल्या लुगड्याची शिवायची. बाराव्या दिवशी सासरची माणसं येतात तेव्हा ती पाळण्यात पाहिजे म्हणजे पाहिजे. वरचं लुगडं अखंड हवं, लेकराच्या अंगाला जोड टोचू नये म्हणून. इतक्या नमुन्यांची मालकीण, तिला काय अवघड?

अवघड हेच, की कोणता नमुना घालायचा! ती रोज ट्रंक उघडायची, नमुने मांडायची, पायऱ्या की पावलं असा घोळ घालायची आणि संध्याकाळी पुन्हा भरून ठेवायची. माणिकराव म्हणायचा, "अगं, लेकरू शाळंत जायला लागंल तवर ठरवशील ना?"

आठव्या महिन्यात तिच्या कानावर आलं, की भालकीजवळ एका बाईकडं कमळाचा नमुना आहे. झालं! बाई एसटीत बसून गेली. कमळ घेऊन संध्याकाळी घरी परतली, तर पार्वतम्मा दारातच उभी. तिच्या हातात माणिकरावच्या धोतरात गुंडाळलेली नात. दिवस भरायच्या आधीच आली होती.

"कुठं गेलतीस गं?" पार्वतम्मानं विचारलं.

सरुबाईनं कमळ पदराखाली लपवलं. आयुष्यात एवढी लाज तिला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं जुन्या लुगड्यांचं गाठोडं सोडलं आणि मटकन खाली बसली. प्रत्येक लुगड्याला मधोमध खिडकी. एकेकाला तर तीन-तीन! नमुना टिपायला मऊ कापड लागतं, मऊ कापड लुगड्याच्या मध्यात असतं, आणि कातरी तिच्याच हातात होती. इतकी वर्षं ती नातीची वाकळच कापून ट्रंकेत भरत होती.

माणिकरावनं एका खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ह्याचा सदरा झ्याक हुईल."

"घाला की मंग! निदान तुमच्या तरी उपयोगाला यील माझी अक्कल," ती म्हणाली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

धड असं एकच जुनं लुगडं उरलं होतं, ते तिच्या अंगावर. ते तिनं सोडलं, धुतलं, वाळवलं. स्वतः लेकीच्या लग्नातलं नवं, करकरीत लुगडं नेसून बसली. खिडक्यांची लुगडी आत घातली, अखंड वर घातलं आणि साधा धावदोरा धरला. नमुन्याला आता वेळ कुठला? पण तळहाताएवढ्या तुकड्यावर सरळ जाणारा हात लांब वाकळीवर पार भरकटला. ओळी अशा चालल्या, की जणू बाजारातून पिऊन घरी निघाल्यात. ती उसवायला बसली की पार्वतम्मा ओरडायची, "फुडं चल! कामून मागं फिरायलीस?"

अकराव्या दिवशी कडा मिटल्या. "आता घास दे आणि ठिगळ लाव," पार्वतम्मा म्हणाली आणि घरी गेली. वाकळ पुरी झाली की तिच्या पोटावर भाकरीचा घास ठेवून वरून ठिगळ शिवायचं, म्हणजे वाकळ उपाशी राहत नाही आणि पांघरणाराही राहत नाही. हे सरुबाईला माहीत होतं, पण तिथवर ती कधी पोचलीच नव्हती. तिनं ट्रंकेत हात घातला, पहिला लागला तो नमुना ठिगळाला घेतला आणि घास ठेवून टाके घातले.

बाराव्या दिवशी उदगीरहून विहीणबाई सुभद्राबाई आल्या. त्यांनी पाळण्यातली वाकळ हातात घेतली. ओळींवरून हात फिरवला. मग त्यांचा हात मध्येच थांबला. "विहीणबाई, हे काय हाय? दगूड हाय का काय?"

पार्वतम्मानं चाचपलं आणि कपाळाला हात लावला. "सरू! पाव भाकरी घातलीस? नखाएवढा घास द्यायचा आस्तो गं!"

सगळे हसायला लागले. सरुबाईही हसली. म्हणाली, "मला काय ठावं, अक्का. उपाशी म्हणल्यावर मला नखाएवढं सुचंना. तेवढ्यानं पोट भरत न्हाई."

सुभद्राबाईंनी तो वाळका तुकडा वाकळीवरूनच तळव्यानं दाबून चुरला, सपाट केला आणि नातीला त्यावर निजवलं. "राहू द्या. माझी नात जेवल्याली वाकळ पांघरंल."

नातीनं लगेच वाकळ भिजवली. ट्रंकेतल्या एकाही नमुन्यावर आजवर पाण्याचा थेंब पडला नव्हता. "मुतली गं बाई!" सरुबाई ओरडली, आणि आनंदानं तिला रडूच आलं.

वाकळ तिनं स्वतः पिळली आणि रस्त्याकडच्या कुंपणावर वाळत टाकली. वाकड्या ओळींची बाजू बाहेर केली, जाणाऱ्या-येणाऱ्याला नीट दिसावी म्हणून.