अण्णांचा अ‍ॅम्प्लिफायर

आधीच सांगून टाकते, नाहीतर शेवटपर्यंत मला धीर निघणार नाही. आमच्या अण्णांचे कान गेले, आणि आम्ही सगळा सीझन त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करत बसलो होतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. साखर कारखान्यात मिलवर फिटर. आणि गिटार वाजवायचे! हवाईयन गिटार, मांडीवर आडवी ठेवून, तारांवरनं पोलादी कांडी फिरवत. ग्रीसनं काळी पडलेली ती जाड बोटं कांडीला लागली की इतकी हळुवार व्हायची ना, की बघतच राहावं. त्या गिटारीला स्वतःचा असा आवाजच नाही, सगळा आवाज अ‍ॅम्प्लिफायरमधनं. तो नगरच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडनं आणलेला, आत काचेचे व्हॉल्व, चालू केला की केशरी उजळायचे. मला अण्णांनीच शिकवलं. रोज संध्याकाळी आधी मी वाजवायचे, ते चुका काढायचे, मग ते वाजवायचे. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "लोकांच्या घरात सवत येती ती बाईमानूस तरी असती. माझ्या घरात खोकं आलंय."

गेल्या साली गळीत सुरू झालं आणि अण्णा म्हणायला लागले, "आवाज बसलाय गं ह्याचा. वाढव." मी वाढवला. "आजून वाढव." मला काही तो बसलेला वाटायचा नाही, पण आमची कॉलनी कारखान्याच्या भिंतीला लागून. गळीत चालू असलं की मिलची घरघर रात्रंदिवस, सगळे ओरडूनच बोलतात, रेडिओही मोठ्यानंच. जास्त आवाज कुणाला खटकतच नाही. आणि यंत्रात बिघाड आहे असं अण्णा म्हणाले म्हणजे असणारच, असं मला वाटायचं.

वाईट म्हणजे, बिघाड खरंच होता! फ्यूज उडायला लागले. नवा बसवला की व्हॉल्व उजळायचे, जरा तापायचे आणि फट्. शेजारचे वायरमन काका म्हणाले, "जाड तार गुंडाळा की फ्यूजवर, परत उडायचा न्हाई."

"फ्यूज उडतोय म्हनून खोकं वाचतंय," अण्णा म्हणाले. "तुमची तार घातली तर ट्रान्सफॉर्मरच जळंल. तुमी कॉलनीच्या खांबावर असंच करता व्हय? तरीच!"

काका हसत गेले. मग एका रविवारी अण्णांनी सगळे व्हॉल्व काढून फडक्यावर मांडले, लाईनमध्ये एक साधा बल्ब जोडला आणि मला समोर बसवलं. "बल्ब मंद हाय तवर सगळं ठीक. भप्पकन पेटला की वरड." एकेक व्हॉल्व ते घालायचे, तो तापेपर्यंत आम्ही दोघं श्वास रोखून. आवाज काढणारे दोन मोठे व्हॉल्व, त्यातला पहिला घातला, ठीक. दुसरा घातला, जरा वेळ काही नाही, आणि बल्ब असा लख्ख पेटला! मी वरडले. अण्णा माझ्याहून जोरात वरडले, "घावला चोर!" काय आनंद झाला होता आम्हाला, आई पीठ लागल्या हातानं बघायला आली.

नवा व्हॉल्व आणायला मी त्यांच्याबरोबर एसटीनं नगरला गेले. येताना तो टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरला होता. खड्डा आला की अण्णा माझ्याकडं नाही, टॉवेलाकडं बघायचे.

त्याच आठवड्यात पट्टा पडला. म्हणजे गळीत संपलं, मिल बंद. दुष्काळात ऊसच नव्हता, एवढ्या लवकर कधी पडला नव्हता. घरघर थांबली आणि कॉलनीत एवढी शांतता झाली की नळाचं थेंब थेंब गळणंही ऐकू यायला लागलं.

अण्णांनी व्हॉल्व बसवला. फ्यूज टिकला. आवाजाचं बटण त्यांच्या सवयीनं पार शेवटपर्यंत फिरवलेलं. ते पाठमोरे, मागनं व्हॉल्वकडं बघत वाकलेले. मी गिटार घेतली आणि एक तार छेडली.

खिडकीची काच थरथरली. ओट्यावरचं कुत्रं पळालं. शेजारच्या काकूंचं बाळ रडायला लागलं.

अण्णा तसेच वाकलेले. म्हणाले, "वाजव की बाय. कशाची वाट बघती?"

मी आईकडं बघितलं. आईनं माझ्याकडं. तिनं नुसती मान हलवली, नको. मी बटण मागं घेतलं आणि जवळ जाऊन मोठ्यानं म्हणाले, "आजून आवाज निघंना, अण्णा."

नंतर ते नळावर गेल्यावर आई म्हणाली, "सांगू नको. त्या खोक्याबिगर काय हाय त्यांना?"

"पण रोज चालू करतील ना! रोज कळंल!"

मग मीच दुसऱ्या दिवशी दुपारी खोक्याच्या मागची टोपी फिरवून फ्यूज काढून घेतला. मला वाटलं, खोकंच बंद असलं तर दोष खोक्याचा राहील. दुसरं काही सुचलंच नाही मला.

संध्याकाळी अण्णांनी बटण दाबलं. व्हॉल्व उजळले नाहीत. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला, खोकं वळवलं, फ्यूजची टोपी काढली. आत काहीच नव्हतं. रिकामी टोपी त्यांनी तळहातावर धरली. मी खाली बघत होते, पण ते माझ्याकडं बघतायत हे कळत होतं.

"जळलाय," ते म्हणाले. "पार जळलाय गं."

टोपी परत घट्ट बसवली त्यांनी, अगदी व्यवस्थित. आई चुलीपाशी पदर तोंडाला लावून बसली होती.

"तू वाजव," ते म्हणाले. "तसंच वाजव."

मग ते माझ्यासमोर बसले, गुडघ्याला गुडघा. मी वाजवायला लागले. अ‍ॅम्प्लिफायरशिवाय त्या गिटारीची नुसती किणकिण, मलाच धड ऐकू येत नव्हती, त्यात डोळे भरलेले. अण्णा माझ्या हाताकडं बघत होते, बोटानं ठेका धरून. आणि मध्येच त्यांनी हात वर केला.

"कांडी फुडं गेली तुजी. परत घे."

खरंच गेली होती. मी परत घेतलं.