दस्त्यातला भंडारा

बुधवार पेठेतल्या हत्यारांच्या बाजारात तोफखान्यातला तो म्हातारा गोलंदाज मला एकदाच भेटला. पांढऱ्या मिशांना सारखा पीळ द्यायचा, आणि दुसऱ्यांच्या भांडणात पडायला त्याला आमंत्रण लागत नसे.

मी एका बंदुकीवरून दुकानदाराशी भांडत होतो. वडील मोहिमेत पडले तेव्हा त्यांची बंदूक कुणीतरी लांबवली होती. ही तीच. खांद्याला लावताच मला पटलं होतं, पण पुरावा काही नव्हता.

"अहो, कालच फिरंग्यांच्या जहाजातून उतरलीय. कोरी आहे," असं म्हणत दुकानदारानं नळीवरचा फिरंगी शिक्का दाखवला.

म्हाताऱ्यानं न विचारताच बंदूक उचलली आणि शिक्क्यावरून अंगठा फिरवला. "शिक्का नवा आहे, कडा बोचतात. चाप मात्र झिजलाय." मग तो माझ्याकडे वळला. "खंडेनवमीला तुमच्याकडे हत्यारांना काय लावतात?"

"खंडोबाचा भंडारा. आमचं कुलदैवत जेजुरीचं."

त्यानं सुऱ्याच्या टोकानं दस्त्याचा पितळी पत्रा उचकटला आणि बंदूक तळहातावर झटकली. हळदीची पिवळीधमक चिमूट पडली.

"काय शेटजी, तुमचं जहाज जेजुरीवरून आलं वाटतं?"

सगळा बाजार हसला. दुकानदारानं बंदूक माझ्या हातात दिली.

मी म्हाताऱ्याला नाव विचारलं. "बंदुकीनं तरी कुठं सांगितलं होतं?" म्हणत त्यानं त्याच हातानं मिशीला पीळ दिला. एका बाजूची मिशी पिवळी झाली, ते त्याच्या गावीही नव्हतं. तशीच मिरवत तो गर्दीत शिरला.

दर खंडेनवमीला बंदुकीला भंडारा लावताना मला वडील आठवतात, आणि त्यांच्या शेजारी ती अर्धी पिवळी मिशी.