फेट्यातला फोटो

कुरुंदवाडात यल्लाप्पांकडे कुणी आलं की चहाच्या आधी फोटो. “पावणं, हे बघा की, आमचा प्रसेनजीत.” फोटोत फेटा बांधलेला प्रसेनजीत माईकसमोर उभा, आणि शेजारच्या खुर्चीत बसलेले यल्लाप्पा कॅमेऱ्याकडे न बघता लेकाकडे बघतायत. “बापाचं कौतुक बघा,” म्हणत पावणं मान डोलवायचे. प्रसेनजीत घरी असला तर तेवढ्यात परसात सटकायचा. त्या फोटोकडं बघवायचं नाही त्याला.

झालं होतं असं. दोन हजार चार साली प्रसेनजीत कोल्हापुरात कॉलेजवर फिजिक्स शिकवायचा आणि परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगाचंही काम करायचा. तिथं कणांची टक्कर लावतात. त्यातून उडालेला विद्युतभारित कण चुंबकात वळतो. कमी वळला तर त्याचा संवेग जास्त, जास्त वळला तर कमी. ही मोजणी बरोबर येते का, ते तपासायचं काम याच्याकडं. यानं तपासलं, बरोबर आहे म्हणून कळवलं, आणि मग गावाला कोण आवरणार? शिरोलीच्या फौंड्रीत जन्मभर साचे भरलेल्या यल्लाप्पांचा पोरगा जगाचं यंत्र तपासतो म्हटल्यावर समाजमंदिरापुढं सत्काराचा मांडवच पडला.

सत्काराच्या सकाळी पुण्याहून अदितीचा फोन आला. ती याच कामातली.

“प्लस आणि मायनस कण वेगळे करून बघितलेस का? प्लसचा संवेग जास्त येतोय, मायनसचा तेवढाच कमी. एकत्र केले की सरासरी बरोबर दिसते.”

बाजारात तराजूचा संशय आला तर पारडी बदलून बघतात. या शहाण्यानं तेवढंही केलं नव्हतं.

“म्हणजे माझं काम चुकलंच,” तो म्हणाला.

फोन ठेवून वळला, तर दारात यल्लाप्पा, हातात फेट्याचं कापड. “चल की, माणसं खोळंबल्यात.”

तो गेला. माईकपुढं उभा राहिला तेव्हा चूक अगदी ओठावर आली होती. तोंडातून निघाले ते सगळ्यांचे आभार. टाळ्या पडल्या आणि याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी त्यानं प्रयोगातल्या लोकांना मेल करून चूक कबूल केली. बापापुढं मात्र जीभ उचलेना, त्यात वर्षं गेली.

शेवटी एकदा पावणं उठून गेल्यावर तो म्हणाला, “अप्पा, तो फोटो काढा. ते काम चुकलंतं माझं. सत्काराआधीच कळलंतं मला.”

यल्लाप्पा सुपारी कातरत होते. “ठावं हाय. फोनवर बोलत हुतास तवा दारातच हुतो की मी.”

प्रसेनजीत त्यांच्याकडं वळला. “मग बोलला का न्हाईसा? वर कौतुकानं बघत बसलासा.”

“कौतुक कुठलं, लेका,” यल्लाप्पा म्हणाले. “आता बोलंल, मग बोलंल म्हणून वाट बघत हुतो. पावण्यास्नी फोटो दावायचो, तवाबी तीच वाट. तर तू परसात.”