उशाखालची ज्वारी

सुनेनं ज्वारी निवडायला दिली, की त्या कोरड्या वासानं मी आजही पिशोरला पोचते. पोलीस ॲक्शन होऊन वर्ष झालं होतं. रझाकारांच्या धामधुमीत घरातून गेलेला माझा थोरला भाऊ परतला नव्हता, म्हणून आई मला घेऊन दाणे बघून सांगणाऱ्या जाणत्याकडं विचारायला निघाली होती.

तिची तयारी पक्की होती. पसाभर ज्वारी रात्रभर दादाच्या उशीखाली ठेवलेली, पोटात अन्नाचा कण नाही. वाटेत तिनं मला चारदा बजावलं, "तिथं दादा ‘होता’ म्हणायचं नाय. ‘हाय’ म्हणायचं. तरच खरं निघतं."

जाणत्यानं सुपात दाणे पसरले. "पोरगा कसा हाय, सांग."

"लई गुणाचा होता, बाबा," आई म्हणाली.

त्याचा हात थांबला. दाणे गोळा करून त्यानं तिच्या पदरात परत टाकले. "घरी जा, माय."

जीभ घसरली आणि आईनं दादाला घालवलं, असंच मला कित्येक वर्षं वाटायचं. आता वाटतं, वाटेत ती स्वतःलाच बजावत होती.

त्या ज्वारीची संध्याकाळी एक भाकरी झाली. रोज दादाची भाकरी झाकून ठेवणाऱ्या आईनं ती मला वाढली.