सतीश दिसला, ती ठिकाणं

मंदा बोरस्ते बोलता बोलता मध्येच थांबायची. रस्त्याने एखादा सडपातळ, किंचित वाकून चालणारा मुलगा पाठमोरा जाताना दिसला की तिचं वाक्य तिथेच तुटायचं. तो वळेपर्यंत, त्याचा चेहरा दिसेपर्यंत ती बघत राहायची. मग ज्या शब्दावर थांबली होती त्याच्या पुढच्या शब्दापासून ती वाक्य पुरं करायची, जणू मधे काही झालंच नाही. नवख्या माणसाला हे चमत्कारिक वाटायचं. मलाही पहिल्या दिवशी वाटलं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होतो आणि गंगापूर रोडला वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होतो. एका रविवारी सकाळी दार वाजलं. दारात विशीतली एक मुलगी उभी. ओढणीवर रंगाचे डाग, नखांत निळा रंग वाळलेला.

"सर, तुम्ही सतीश बोरस्तेला शिकवलंत. बारावी सायन्स. मी त्याची बहीण."

सतीश जूनमध्ये निकालाच्या दिवशी घरातून गेला तो परत आला नव्हता, एवढं माझ्या कानावर होतं. मी तिला आत बोलावलं. खुर्चीच्या कडेवर बसत ती म्हणाली, "तुम्हाला तो आठवत असेल तर सांगा. काहीही सांगा."

मला थोडंसंच आठवत होतं. उत्तर द्यायला उभा राहिला की तो आधी हसायचा, असं मी म्हणालो.

"कसा? तोंड उघडून की मिटून?"

मी विचार करून सांगितलं, "मिटून."

तिने मान हलवली. डोळे भरून आले होते, पण आवाज सरळ होता. "बरोबर. म्हणजे तुम्हाला खरंच आठवतोय. मग तुमच्याकडे माझं काम आहे."

ती कला महाविद्यालयात चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला होती. शेवटचा प्रकल्प करायचा होता आणि तिला सतीशशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. वडील ओझरच्या विमानांच्या कारखान्यात कामाला. मुलगा गेल्यापासून कोणी ना कोणी सांगत यायचं, अमक्या ठिकाणी दिसला. वडील रजा टाकून निघायचे आणि मंदा बरोबर जायची, कारण परक्या माणसाला विचारायची वेळ आली की वडिलांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. ते फोटो हातात धरून नुसते उभे राहायचे. मंदा विचारायची. उत्तर मिळालं की तिथेच बसून त्या जागेचं रेखाटन करायची. इगतपुरीचा फलाट, मनमाडचा पूल, शिर्डीतली जेवणाची रांग, त्र्यंबकला कुशावर्ताच्या पायऱ्या, एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात अशी नाशिकरोडची एक गल्ली. आता ती या जागांची मोठी तैलचित्रं करणार होती. माणूस एकही नाही, नुसती जागा. आणि चित्राच्या खालच्या भागात, रंगातच, तिथे काय ऐकलं ते लिहिणार होती.

"चित्र मला येतं, सर. लिहिता येत नाही."

तिच्या विभागप्रमुखांना ही कल्पनाच पसंत नव्हती. अक्षरं आली की चित्राचं पोस्टर होतं, जे रंगात सांगता येत नाही ते सोडून द्यावं, असं त्यांनी तिला बजावलं होतं. त्यावर ती त्यांना म्हणाली होती, "सर, सोडता आलं असतं तर मी हे काढायलाच घेतलं नसतं."

मग दर रविवारी ती मजकूर घेऊन येऊ लागली. सुरुवातीला मीच गडबड केली. मराठीचा मास्तर मी. तिची ओबडधोबड वाक्यं घासूनपुसून, धुकं आणि एकाकी फलाट वगैरे घालून परत दिली. तिने शांतपणे वाचलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"सर, हे चांगलं झालंय. पण चांगलं नको. बरोबर पाहिजे."

हे वाक्य पुढे मी तिच्याकडून इतक्यांदा ऐकलं की माझ्या तासाला मुलांच्या निबंधांवर मी तेच लिहायला लागलो. इगतपुरीच्या चित्राखाली शेवटी जे राहिलं ते असं: 'चहावाला म्हणाला, आला होता. दोन वडापाव खाल्ले. निळा शर्ट होता. सतीशकडे निळा शर्ट नव्हता.' बस, एवढंच. मी कितीतरी वर्षं वाक्यरचना शिकवत होतो, पण त्या शेवटच्या वाक्यासारखं वाक्य मला कधी जमलं नव्हतं.

थंडी सरता सरता पोलिसांचा निरोप आला. नदीपात्रात एका तरुणाचा मृतदेह सापडला होता, ओळख पटवायला या. वडील शवागाराच्या दारापर्यंत गेले आणि भिंतीला धरून खाली बसले. आत मंदा गेली. तिथून ती घरी न जाता माझ्याकडे आली. मी पाणी दिलं, ते तसंच हातात राहिलं.

"नव्हता, सर," ती म्हणाली. मग पुढे बोलली, "आणि मला आनंद झाला. कुणाचा तरी मुलगा तिथे पडला होता आणि मला आनंद झाला. मी काय झालेय हो सर?"

त्यानंतर तिने कुंचला हातात धरला नाही. येऊन नुसती बसायची. परीक्षा देत नाही म्हणायची, चित्रं जाळून टाकते म्हणायची. एकदा म्हणाली, "या चित्रांनी तो येणारे का? मग कशाला काढतेय मी?" मी परीक्षा, पदविका, नोकरी असलं काहीबाही बोललो. माझं मलाच ते पोकळ वाटलं.

तेवढ्यात घरी दुसरंच पेटलं. मंदा मागच्या खोलीत चित्रं काढायची आणि तिची आई त्या खोलीत कधी जात नसे. एक दिवस गेली. भिंतीला टेकवलेली चित्रं तिने पाहिली, आणि ती प्रदर्शनात लागणार हे कळल्यावर हंबरडा फोडला. "मेल्यावर लावतात भिंतीला! माझा पोरगा मेला का?"

"आई, यात त्याचा फोटो नाहीये. यात तो कुठेच नाही."

"तेच म्हणते मी," आई म्हणाली.

मायलेकींचं बोलणं बंद झालं. आईने त्या खोलीला कुलूप घालायचं ठरवलं, तेव्हा मंदाने टेम्पो करून सगळी चित्रं माझ्या घरी आणली. माझी बाहेरची खोली टर्पेंटाइनच्या वासाने भरून गेली. जुन्या मैत्रिणीकडे ती झोपायला जायची आणि दिवसभर माझ्याकडे रंगवायची. आईशी भांडण झालं त्या रागाने म्हणा, तिचा हात पुन्हा चालू लागला होता. पण तिची दशा बघवत नव्हती. जेवायला बसली तर घास हातातच राहायचा.

चित्रं द्यायची तारीख जवळ आली तशी एका दुपारी तिचे आईवडील आले. घरी चल म्हणायला आले होते. वडील दारातच थांबले. आई मात्र आत आली, आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता पहिल्या चित्रापुढे उभी राहिली. चौथी शिकलेली बाई. अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत तिने एकेका चित्राखालचा मजकूर वाचला. वाचायला फार वेळ लागला. मंदा खिडकीशी उभी होती. शेवटचं चित्र वाचून आई वळली.

"सगळ्यांचं लिहिलं. चहावाल्याचं लिहिलं, हमालाचं लिहिलं. माझं कुठंय?"

मंदा दमलेल्या आवाजात म्हणाली, "ज्यांनी त्याला पाहिलं त्यांचं लिहिलंय, आई."

"मी पाहिला ना. समद्यात शेवटी मीच पाहिला."

आई खाली फरशीवर बसली आणि जमिनीकडे बघत बोलू लागली. "निकाल बघून आला. दारात उभा होता. पाणी मागितलं. मी म्हणले, हे तोंड घेऊन घरात येऊ नको. पाणी नाय दिलं. आत जाऊन भाजी चिरत बसले. वाटलं, बसंल वट्यावर, येईल थोड्या वेळानं. बाहेर आले तं नव्हता."

दारातून वडील पुढे आले. आदल्या संध्याकाळी आपण मुलाला बोललो होतो म्हणून तो गेला, असं ते इतके महिने धरून चालले होते आणि आईने त्यांना तसं धरू दिलं होतं. मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील. ते तिच्याशेजारी फरशीवर बसले आणि त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मंदाने चार दिवसांत ते चित्र काढलं. ओझरच्या घराचं स्वयंपाकघरातून दिसणारं दार, बाहेर जूनचं पांढरं ऊन. खाली मजकूर लिहायची वेळ आली तेव्हा तिने आईला बोलावून घेतलं आणि कुंचला तिच्या हातात दिला. "माझ्याच्याने लिहिवणार नाही. तूच लिही." आईने लिहिलं. अक्षरं वर चढत गेली, मधेच मोठी झाली. 'पाणी' हा शब्द तिने 'पानी' असा लिहिला होता. मंदाने माझ्याकडे बघितलं.

"शुद्धलेखन, सर?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

परीक्षकांनी तिला जेमतेम दुसरा वर्ग दिला. चित्रं भावनिक आहेत, मजकुराला गुण देता येत नाहीत, असं कोणी तरी म्हणाल्याचं कानावर आलं. मंदाने त्याची चौकशीही केली नाही. प्रदर्शनात तिची आई रोज येऊन आपल्या चित्राशेजारी उभी राहायची आणि थांबणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "हे मी लिहिलंय. मीच बोलले त्याला." लोक खाली बघत पुढे सरकायचे. एक ट्रकचालक मात्र थांबला आणि त्याने असा मुलगा धुळ्याच्या रस्त्याला एका ढाब्यावर पाहिल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने बापलेक धुळ्याला गेले. तो सतीश नव्हता.

आई काही वर्षांनी गेली, तिच्यामागून वडीलही. मंदा नाशिकरोडच्या एका शाळेत चित्रकला शिकवू लागली. लग्न केलं नाही. कुठून काही कळलं की ती शाळेतून रजा काढून जायची, येऊन चित्र काढायची, खाली दोन ओळी लिहायची आणि त्या मला वाचून दाखवायची. प्रदर्शन तिने परत कधीच भरवलं नाही. मी एकदा म्हटलं, "मंदा, आता पुरे कर." तेव्हा ती चिडली नाही. म्हणाली, "सर, मी थांबले तर त्याला शोधणारं कोणीच उरत नाही. मग तो खरंच हरवला."

तिशी उलटली आणि तिला रक्ताचा कर्करोग निघाला. उपचार झाले, मधे बरं वाटलं, पुन्हा उलटला. ती रुग्णालयात असताना तिच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. कसारा घाटातल्या एका हॉटेलात कपबश्या विसळणारा माणूस अगदी तुमच्याकडच्या फोटोसारखा दिसतो, म्हणाला. मंदाला उठून बसताही येत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी गेलो.

तो सतीश नव्हता. वय तेवढंच होतं, चणही तशीच, पण चेहरा वेगळा. मी चहा प्यायलो आणि परत आलो. खोटं सांगावं असं वाटेत मनात आलं होतं, पण तिच्यापुढे उभा राहिल्यावर जमलं नाही.

"नव्हता, मंदा."

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग तिने विचारलं, "मग कोण होता?"

"म्हणजे?"

"जो होता तो. नाव विचारलंत का त्याचं?"

"नाही."

"विचारायला हवं होतं, सर. इतकी वर्षं आम्ही कुणालाच विचारलं नाही. सतीश नाही म्हटलं की पाठ फिरवायचो."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कसाऱ्याला गेलो. तो माणूस आधी बोलेना. त्याच्याशेजारी दगडावर बसून राहिलो, तेव्हा विसळता विसळता त्याने नाव सांगितलं. काशिनाथ. गाव पेठच्या पलीकडे, डोंगरात. घरी कोण आहे, विचारलं. "आई हाय. असंल," तो म्हणाला. "लय वरसं झाली." आईला कळवू का, असं विचारलं, तर त्याने हातातली बशी परत परत धुतली. शेवटी मान न उचलता म्हणाला, "कळवा."

रुग्णालयात येऊन मी हे सगळं मंदाला सांगितलं. काशिनाथ हे नाव तिने दोनदा उच्चारलं. मग भुवया आकसल्या आणि ती मला रागावली.

"मग तुम्ही इथं काय बसलाय? जा ना."

मी पेठची बस धरली. पुढचं अंतर जीपने आणि नंतर पायी. घर सापडलं. म्हातारी अंगणात नागली पाखडत होती. मी मुलाचं नाव घेतलं तसं तिचं सूप हातातून निसटलं. कुठे आहे, का गेला, का आला नाही, यातलं तिने काहीच विचारलं नाही. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "जेवतो ना त्यो?"

जेवतो, मी म्हणालो.

नाशिकला परतलो तेव्हा मंदा गेलेली होती. तिच्या खोलीत दुसरा रुग्ण आला होता. म्हातारीने काय विचारलं ते मला तिला सांगायचं होतं.