वाफशाचे चार दिवस

आमच्या घरात माणसांपेक्षा वांग्याच्या रोपांची काळजी जास्त घेतली जायची. हे मी आईच्या माघारी बोलते आहे असं नाही. तिच्या तोंडावर बोलले होते आणि मुस्काटात खाल्ली होती. वाशीमकडच्या मालेगावच्या अलीकडे नाल्याकाठी आमचा भाजीपाल्याचा मळा होता. माझा थोरला भाऊ, दादा, गाडी भरून आज केनवडचा बाजार, मग रिठदचा, असा फिरायचा. बाप लवकर गेलेला. घर सगळं आईच्या मुठीत.

वहिनीला सहा वर्षांत मूल झालं नव्हतं. पंचविशीची, हाडापेरानं दणकट, एका दमात दोन पाट्या मिरची तोडणारी बाई. पण पाळणा हलला नाही म्हणून तिची किंमत शून्य. आईनं एकदाच सांगून टाकलं होतं, "पोळ्यापर्यंत पाह्यतो. नाही तर दुसरी आणतो, अन् तुले तुह्या बापाच्या घरी पोचवतो." वहिनीनं मान खाली घालून ऐकलं. दादानंही मान खालीच घातली. बैलसुद्धा कधीमधी मान हलवतो, आमचा दादा नाही.

मूल का होत नाही याचा शोध आईनं स्वतःच लावला, आणि तो मळ्यातून लावला. वाफ्याला पाणी दिलं की लगेच बी टाकत नाहीत, चिखल असतो. फार वाळलं तरी टाकत नाहीत. मधे माती ओलसर, भुसभुशीत असते, तो वाफसा. बाईचंही तसंच, आई म्हणायची. महिन्याचे चार दिवस बाहेर बसली, पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाली, की पुढचे चार दिवस वाफसा. बाकीचा महिना जमीन कोरडी. कोरड्यात बी फेकायचं नाही, आणि राखून ठेवलेलं बी जोमानं येतं.

झालं. ते चार दिवस दादा घरात. बाकी सगळा महिना त्याचं बिऱ्हाड मळ्यातल्या झोपडीत आणि वहिनीचं अंथरूण आईच्या शेजारी. भाकरसुद्धा वहिनीनं न्यायची नाही. ती मी न्यायची, कारण घरात लग्नाची राहिलेली मीच होते.

दिवस मोजायचं कामही माझंच. वहिनी न्हाली की मी एका खापरात रोज एक वालाचा दाणा टाकायची. चार झाले की अंगणात उभी राहून ओरडायची, "झाले चार!" दादा मुकाट्यानं घोंगडी उचलायचा. वहिनीचा चेहरा उतरायचा आणि मला हसू यायचं. मी वाईट होते. लहान होते म्हणून वाईट होते असं म्हणायची सोय आहे, पण मी ती घेत नाही.

चारानंतरही मी दाणे टाकतच राहायची. नऊ-दहा पडले की दर महिन्याला वहिनीचं ओटीपोट एका बाजूनं दुखायचं. अंगावरून पांढरं जायचं, भेंडी चिरताना सुटते तशी तार धरणारं. आईनं तो रोग ठरवला. जमीन नासली आहे म्हणाली. मग कडुनिंबाचा आणि गुळवेलीचा काढा सुरू झाला. पाला मीच आणायची, आणि सांगितल्याच्या दुप्पट आणायची. वहिनी डोळे मिटून प्यायची आणि मी समोर बसून बघायची.

त्या वर्षी पोळा पंधरा दिवसांवर आला होता. खापरात दहा दाणे होते. माझ्या पायात काटा मोडला होता, म्हणून भर दुपारी भाकरीचं फडकं वहिनीनं उचललं आणि निघाली. मी लंगडत मागं गेले आणि बांधावर तिला गाठलं.

"कुठं चालली व? आज कोरडे दिवस हायेत."

ती थांबली. तिनं फडकं खाली ठेवलं आणि माझे पाय धरले. वयानं माझ्याहून केवढी मोठी बाई.

"बाई, आज मले जाऊ दे. माह्या अंगाले समजते व. हेच दिवस हायेत. ते चार दिवस मी लाकडावानी पडून राह्यते. आईले सांगू नको. येवढं एक डाव ऐक माह्यं."

मी म्हटलं, "जाय." ती जवळजवळ पळतच गेली. आणि मी घरी जाऊन आईला सांगितलं.

कशासाठी? तेव्हा विचारलं असतं तर मी म्हणाले असते, तिच्याच भल्यासाठी. खोटं. तिनं माझे पाय धरले त्याची मला नशा चढली होती. सगळं माझ्या हातात आहे, हे मला एकदा करून बघायचं होतं.

आई तुराट्यांचा फोक घेऊन निघाली. वहिनी झोपडीपर्यंत पोचलीच नव्हती. दादा मोट हाकत होता आणि ती विहिरीपाशी फडकं घेऊन उभी होती. आईनं तिचा बुचडा धरला आणि मिरची तोडणाऱ्या बायांच्या पुढून तिला ओढत नेलं. "महिनाभर दम निघत नाही काय तुले? कोठून आली ही निलाजरी!" बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. दादानं सोंदूर, मोटेच्या सोंडेचा दोर, हातात धरून ठेवला, पाणी परत विहिरीत सांडलं, पण तो जागचा हलला नाही.

पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी दादानं वांग्यांच्या पाट्या गाडीत भरल्या आणि त्यांच्या मधे वहिनीला बसवलं. रिठदच्या वाटेवर तिचं माहेर होतं. तिला तिथं उतरवून तो पुढं बाजाराला गेला. संध्याकाळी रिकाम्या पाट्या घेऊन परत आला आणि आईनं त्याला पहिलं विचारलं ते वांगी कशी गेली.

दुसरी आली ती किडमिडी. तिची पाळी वीस-बावीस दिवसांनीच यायची. बाहेर बसून उठली नाही तोच पुन्हा बसायची. आईनं कपाळाला हात लावला, पण नियम तोच ठेवला. दुसऱ्याच महिन्यात तिला दिवस गेले. आईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. वाफसा खरा, जुनीच वांझ, हे तिनं केनवडपर्यंत सांगून टाकलं. माझा तर त्यावर वेदासारखा विश्वास बसला.

माझं लग्न झालं तेव्हा मी वालाचे दाणे पदराला बांधून नेले. सासरी कुणाचा जाच नव्हता. नवरा गरीब स्वभावाचा. तो जवळ आला की मीच दाणे दाखवून त्याला बाहेर पडवीत पाठवायची. "आज नाही. वाया जाईल." अशी सात वर्षं काढली. माझी पाळी अगदी तीस दिवसांची. मग पटकीच्या साथीत तो गेला. दीर म्हणाले, तुझं इथं काय आहे? काहीच नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी वाशीमला सुईणीचं काम शिकायला लागले. आमच्या डॉक्टरीणबाई खडूनं फळ्यावर गर्भाशय काढून शिकवायच्या. एके दिवशी त्या म्हणाल्या, "बाईचं बीज पाळी संपल्यावर लगेच सुटत नाही. पुढची पाळी यायच्या साधारण चौदा दिवस आधी सुटतं, आणि जेमतेम एक दिवस टिकतं. त्या सुमाराला अंगावरून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा स्राव जातो, कुणाचं एका बाजूला पोट दुखतं. तो रोग नव्हे. मूल हवं असेल तर दिवस तेच."

मी उठून विचारलं, "पाळी बावीस दिवसांची असेल तर?"

"तर आठव्या दिवसाच्या आसपास. म्हणजे न्हाणं झालं की लगेचच."

मी खाली बसले. दुसरीला ते चार दिवस चालले, कारण तिची पाळीच आखूड होती. वहिनीचे दिवस दहाव्या दाण्याला यायचे. माझे बाराव्याला. बांधावर माझे पाय धरून ती जे बोलली, ते अक्षर न अक्षर बरोबर होतं.

सुट्टीत मी रिठदच्या बाजारात गेले. वहिनीचा एका बिजवराशी पाट लागल्याचं मला माहीत होतं. मी माफी मागायला गेले असं लोकांना सांगते. खरं तर हे मला आता समजलं, एवढंच तिला दाखवायचं होतं. ती वांग्यांच्या ढिगापुढं बसली होती. एक पोर मांडीवर, एक पाठीशी लोंबकळतंय, थोरली ताजवा धरून. मी सगळं सांगितलं: बीज, चौदा दिवस, पांढरा स्राव. तिनं ऐकून घेतलं.

"डॉक्टरीणीनं सांगतलं तवा समजलं काय तुले? मी तं तुले बांधावरच सांगतलं होतं."

मग तिनं माझ्या रिकाम्या कडेकडं पाहिलं.

"तुले किती लेकरं?"

"एक बी नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली.

मला राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर एवढ्यावर सोडलं नसतं.