चमच्याचा मासा

माझा बाप दर्यावर राजा आणि घरात कसाई. हे मी आज म्हणत नाही, तेव्हाही तोंडावर म्हणायचे. तो हसायचा. अंधेरीच्या पश्चिमेला, खाडीच्या तोंडाशी आमचा कोळीवाडा. ऐंशी-एक्याऐंशी साल असेल. माझा नवरा मालवणकडचा, तोही मासे मारणाराच, पण घरची होडी गेल्यावर हात हलवत मुंबईला आलेला. लग्नानंतर तो आमच्याकडेच राहिला. घरजावई! वाड्याला चघळायला विषय मिळाला. त्याला हवं होतं एकच, बापाच्या होडीवर जागा. ती मिळाली तर तो माणूस, नाही तर फुकटखाऊ.

आमच्यात रीत अशी, की नवा माणूस होडीवर यायचा तर त्यानं आपलं आमिष आपणच निवडायचं. कुणी सांगायचं नाही. आमिष म्हणजे खोटा मासा. चालत्या होडीमागे लांब दोरी सोडायची, टोकाला हा खोटा मासा आणि गळ. रावस, सुरमई त्याच्यामागे धावतात आणि अडकतात. बापाच्या पत्र्याच्या डब्यात असे कितीतरी पडलेले असायचे. काही स्टीलचा चमचा कापून केलेले, काही कोंबडीच्या पिसांचे, काही पांढरा नायलॉनचा दोर उसवून बांधलेले जाड झुपके. झुपके मी बांधायचे, पोरवयापासून.

रीत गेली खड्ड्यात, मी नवऱ्याला सांगितलंच. “अहो, झुपका घ्या. आमचं पाणी चहासारखं गढूळ. त्यात चमच्याची चमक कोण बघतंय? जाड, पांढरं काहीतरी हललं तरच माशाला कळतं.”

“आमच्याकडे चमच्यार सुरमय लागता,” तो फणकारला. “आता तू माका शिकवतलंस?”

त्याच्या गावचं पाणी तळ दिसणारं. तेच पाणी डोक्यात घेऊन हा बाबा इथं आलेला. वर बायकोनं सांगितलेलं, म्हणजे तर संपलंच!

सकाळी बापानं डबा उघडून पुढ्यात ठेवला. नवऱ्यानं चमच्याचा मासा उचलला, सदऱ्याला घासून लखलखीत केला. बाप म्हणाला, “झकास! जावईबापू, झकास निवडलंत.” माझा भाऊ तोंड फिरवून हसला. तेव्हाच मला कळलं, वाट लागली.

दुपारी होडी परत आली. बापाच्या दोरीला माझा झुपका होता, त्याला हा एवढा रावस लागलेला. नवऱ्याची दोरी गेली तशी आली. भावानं किनाऱ्यावरच बोंब मारली, अख्ख्या वाड्यानं ऐकलं. बायका टोपल्या खाली ठेवून बघायला आल्या.

संध्याकाळी पुरुष जेवायला बसले. आमच्याकडे रावसाचं डोकं जावयाला वाढतात, तो त्याचा मान. मी डोकं पळीत घेतलं, तर बापानं माझा हात धरला. खिशातून तो चमच्याचा मासा काढला आणि नवऱ्याच्या ताटात भातावर ठेवला.

“चमकतंय ना? खा.”

“बाबा, काय मेलं हे!” मी ओरडले.

“तू वाढ. तुझं काम वाढायचं.”

भाऊ खो खो हसला. नवऱ्यानं चमचा पुसून खिशात घातला, कोरडा भात खाल्ला आणि हात धुतला. त्याच आठवड्यात आम्ही भांडुपला खोली घेतली. तो एका कारखान्यात लागला. त्यानं पुन्हा समुद्राचं नाव काढलं नाही, पण चमचा दाढीच्या सामानात जपून ठेवला. मी विचारलं तर म्हणाला, “असूंदे.”

पुढे बापाचे डोळे काचबिंदूनं गेले. होडी भावानं घेतली आणि आंधळ्या बापाला आमच्या दारात आणून सोडलं. नवरा म्हणाला, “रवूंदेत.” मला भरून आलं. वाटलं, काय मनाचा माणूस आहे माझा!

त्या रविवारी त्यानं स्वतः बाजारातून रावस आणला. मी कालवण केलं. दोघांची पानं मांडली, भात वाढला, कालवणाचं पातेलं आणायला वळले. परत आले तर बापाच्या भातावर चमच्याचा मासा. गळ तेवढा काढलेला. तेवढीच माणुसकी!

“मामा, चमकता ना?” नवरा गोड आवाजात म्हणाला. “खावा.”

बापानं बोटांनी चाचपलं. पाठीवरून, शेपटीवरून, गळाच्या भोकावरून. त्याला लगेच कळलं. मला वाटलं, आता रडेल. रडतोय कसला!

“जावईबापू,” तो म्हणाला, “अजून हाच निवडता?”

नवऱ्याचं तोंड पडलं. आणि बाप हसला, तेच जुनं हसू. माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं या दोघांच्या मध्ये पळी घेऊन उभी होते मी! पातेलं घेऊन तिथंच जमिनीवर बसले. रावसाचं डोकं फोडलं आणि दोघांसमोर चोखून चोखून खाल्लं. मग तुकड्या खाल्ल्या. बाप आवाजाच्या दिशेनं मान वळवून बसला होता.

“आणि आमका?” नवऱ्यानं शेवटी विचारलं.

“एक मासा आहे ना ताटात,” मी म्हटलं. “वाटून खा दोघांत.”